दगडाबाईची मिसरी

दगडाबाई रस्त्यानं येताना दिसली की माळवस्तीवरचे बापये आधी विडी विझवायचे आणि मग रामराम घालायचे. कुणी ती चपलेखाली चिरडायचा, कुणी कानावर अडकवलेली घाईघाईनं टोपीत सारायचा. वस्तीवर नव्यानंच आलेल्या एका जावयानं तिच्यासमोर झुरका मारला, तेव्हा तिनं त्याच्या ओठातली विडी काढून त्याच्याच चहाच्या कपात बुडवली आणि कप परत त्याच्या हातात दिला. जावयाचा काही मान ठेवायचा, असं लोक म्हणाले. मान ठेवला म्हणूनच कपात बुडवली, असं तिनं ऐकवलं. तेव्हापासून तो जावई आपलं बंडल कोऱ्हाळ्याच्या स्टँडवरच्या दुकानात ठेवून मगच वस्तीवर यायचा.

कोऱ्हाळे बुद्रुकच्या पुढं, कालव्याच्या कडेला, उसात बुडालेली ही वस्ती. दगडाबाईचा नवरा दादासो इथलाच. माणूस कष्टाचा, बोलायला मऊ, पण विडीशिवाय त्याचं पान हलत नसे. उसाला पाणी धरायचं तर लाईट येईपर्यंत बांधावर विडी, लाईट आली की मोटर चालू करून विडी, पाणी चौथ्या सरीला गेलं की पुन्हा विडी. खोकला लागला तेव्हा धुळीचा म्हणाला. रक्त पडलं तेव्हा उष्णतेचं म्हणाला. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढून छाती दाखवली, तोवर त्या छातीत राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तो गेला त्या दिवशीची एक गोष्ट दगडाबाईच्या मनातून कधी गेली नाही. अंगणात तिरडी बांधायचं चाललं होतं. ती आत बायकांच्या गराड्यात बसली होती. तेवढ्यात थोरले दीर, मानसिंगतात्या, आत आले, खुंटीवरच्या दादासोच्या सदऱ्याच्या खिशात त्यांनी हात घातला आणि विडीचं बंडल काढलं. आता हे कशाला वाया जायचं, असं पुटपुटत ते बाहेर गेले आणि तिरडी बांधणाऱ्यांना त्यांनी एकेक विडी वाटली. ज्यानं माणूस खाल्ला तेच ओढत लोक त्याच्या अंगावर पांढरं टाकत होते. दगडाबाईला उठून त्या सगळ्यांच्या तोंडात मारावंसं वाटलं. बायकांनी धरून ठेवल्यामुळं तिला उठता आलं नाही, आणि तो राहून गेलेला राग पुढं सगळी वर्षं ती वस्तीवर वाटत फिरली.

तेराव्यानंतर पहिली विडी तिनं तात्यांच्याच हातातून हिसकली. पण तात्या तिला भ्याले नाहीत, वस्तीवरचे ते एकटेच. त्यांनी शांतपणे दुसरी पेटवली आणि म्हणाले, "दादासोच्या आधीपासनं वढतोय मी. मला काय झालं?" हा प्रश्न दगडाबाईच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. कारण तात्यांना खरंच काही झालं नव्हतं. ऐंशी गाठली तरी म्हातारा देवळाच्या कट्ट्यावर ताठ बसायचा आणि विडी ओढायचा. ती कुणाला समजवायला गेली की समोरचा कट्ट्याकडं बोट करायचा, तात्यांना काय झालं, विचारायचा. शंभर जणांना लागलेली आग एकाला लागली नाही, म्हणून लोक आगीला पाणी म्हणायला तयार. या एका म्हाताऱ्याच्या धडधाकट छातीनं वस्तीवरचे किती जण नेले असतील, असं ती म्हणायची, आणि ते तात्यांच्या तोंडावरही म्हणायची.

तरी विडी कमी झाली. सगळा पराक्रम दगडाबाईचा, असं कुणी म्हणत असेल तर म्हणो. जुने ओढणारे एकेक करून गेले. पोरांना विडी म्हाताऱ्यांची वाटायला लागली. त्यातली काही खिशात गुटख्याच्या पुड्या बाळगायला लागली, काही एमआयडीसीत कामाला जाताना टपरीमागं सिगारेट ओढून, बडीशेप चघळत घरी यायला लागली. पण वस्तीवर धूर दिसेना, हे खरं. मग एक दिवस पाहणी करणारा साहेब आला. घरोघर जाऊन विचारायचा, कोण ओढतं, किती ओढतं. दगडाबाईच्या ओट्यावर बसून त्यानं सांगितलं की देशात ओढणाऱ्यांचं प्रमाण उतरत चाललंय, आणि आपल्या भागात तर ते फारच थोडं. उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या डोंगराळ राज्यांच्या मानानं आपण कितीतरी बरे. हे ऐकून दगडाबाईला इतकं बरं वाटलं की तिनं त्याच्या चहात साखर वाढवली.

तुम्ही ओढता का, असं त्यानं रिवाज म्हणून तिलाही विचारलं. "मी काय बाप्या हाय व्हय?" असं ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्या वेळी तिच्या डाव्या तळहातावर काळी पूड होती आणि उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून फिरत होतं. आजी दात घासतायत, असं त्याला वाटलं असावं, कारण तिची चूळ भरून होईपर्यंत तो अदबीनं थांबला आणि मग पुढच्या घरी गेला.

ती पूड म्हणजे मिसरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. वस्तीवरची बाई सकाळी उठली की मिसरी, भाकऱ्या झाल्या की मिसरी, खुरपण्याच्या सुटीत मिसरी. दात दुखला तर मिसरी, पोट साफ होईना तर मिसरी. सगळ्या आळीची मिसरी भाजायची ती दगडाबाईनं, कारण तिच्या हातची करपत नाही आणि कच्चीही राहत नाही, असा तिचा लौकिक. तिच्या परसात तवा तापला की आळीभर खकाणा उठायचा, गुरं शिंकायची, पोरं डोळे चोळत पळायची. विडीच्या एका झुरक्यानं जिचं माथं भडकायचं, ती दगडाबाई नाकाला पदर लावून त्या धुरात तासभर बसायची. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. विडी ओढतात ते व्यसन; मिसरी लावतात, ती दातांना. शिवाय भाजल्यावर तंबाखूतलं जे काही वाईट असेल ते जळून गेलंच की. हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं.

तिची सून अनिता माहेरून आली तेव्हा पेस्टनं दात घासायची. लेकीच्या, छकुलीच्या वेळी दिवस गेले, जेवण जाईना, त्यात दाढ ठणकायला लागली, तेव्हा दगडाबाईनंच स्वतःच्या डबीतली चिमूट तिच्या तळहातावर ठेवली होती. पहिल्यांदा अनिताला गरगरलं. दगडाबाई हसली होती, चार दिवसांत सवय होईल म्हणाली होती, आणि झाली.

पाहणीनंतर वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली: धूम्रपानमुक्त वस्ती. पाटीच्या कार्यक्रमाला शाळेत मांडव घातला, दगडाबाईला शाल-नारळ दिला. ज्यांच्या तोंडातून तिनं विड्या हिसकल्या होत्या त्यांनीच टाळ्या वाजवल्या. तात्याही आले होते. त्यांनी विडी मांडवाबाहेर ओढली. त्याच मांडवात तोंड तपासायचं शिबिर होतं, आणि बारामतीहून वल्लरी नावाची दातांची तरुण डॉक्टरीण आली होती. बायका लाजत होत्या. सत्काराची बाई म्हणून दगडाबाईनं पुढाकार घेतला आणि आधी आपल्या सुनेला खुर्चीत बसवलं.

डॉक्टरणीनं बॅटरी लावली, आणि तिचा हसरा चेहरा आवळला. अनिताच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, त्याच्या कडेला बरी न होणारी जखम. कधीपासून आहे, असं तिनं विचारलं. दिवाळीच्या आधीपासून, अनिता म्हणाली. आत्यांनी त्यावर मिसरी दाबून धरायला सांगितली होती, तशी ती रोज धरत होती. आता चैत्र लागला होता.

डॉक्टरीण दगडाबाईकडं वळून म्हणाली, "आजी, मिसरी म्हणजे तंबाखूच. विडी ओढली काय नि ही लावली काय, कॅन्सरला दोन्ही चालतात."

अंगावर शाल असताना दगडाबाईचा असा अपमान कुणी केला नव्हता. तिनं भर मांडवात डॉक्टरणीला सुनावलं. जिच्या नवऱ्याला विडीनं नेलं तिला तू विडी शिकवतेस का, आमच्या सात पिढ्यांच्या बायकांनी मिसरी लावली, त्या काय दारुड्या होत्या का, शहरात पेस्ट विकायची असेल तर तिकडं वीक. असं बरंच काही ती बोलली, आणि सुनेचा हात धरून घरी निघाली. डॉक्टरीण मागून एवढंच म्हणाली की शिव्या द्या, पण हिला आठवड्यात दवाखान्यात आणा.

घरी आल्यावर तिनं डोकं शांत करायला नेहमीचं काम काढलं. बायकांनी दिलेली पानं परसात पडली होती. तिनं चूल पेटवली, तवा ठेवला. पानं तापली, कडा वळल्या आणि पहिला धूर तिच्या नाकात गेला. या धुरात ती आयुष्यभर बसली होती, पण डॉक्टरणीचं बोलणं कानात घेऊन कधी बसली नव्हती. दादासो अंथरुणात शेजारी यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला हाच वास असायचा. वेगळा नाही, त्यासारखाही नाही, हाच. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं आणि तव्यावरची पानं जन्मात पहिल्यांदा करपली.

मग ती भडकली. सासूवर भडकली, सासूच्या सासूवर भडकली. चुळीसाठी थांबून पुढच्या घरी गेलेल्या त्या साहेबावर तर तिचा असा संताप झाला की तो समोर असता तर गरम तवाच त्याच्या मांडीवर ठेवला असता. बापयांच्या विड्या मोजायला देशभर माणसं फिरतात, धूर उतरला म्हणून पाट्या लागतात, आणि बाईच्या तोंडात काय जळतंय ते बघायला कुणाला वेळ नाही. धूर दिसत नाही ना, मग झालं. आणि या सगळ्यांच्या वर ती स्वतःवर संतापली, कारण साहेब निदान परका होता. अनिताच्या तळहातावर चिमूट ठेवणारा हात तिचा होता.

रागात तिला एकच काम येत होतं. ती घरात गेली, अनिताच्या कमरेची डबी हिसकली आणि मोरीत रिकामी केली. उद्याच्या उद्या बारामतीला चल, म्हणाली. अनिता एरवी सासूपुढं तोंड वर करून बोलत नसे. पण मोरीतली काळी पूड वाहून जाताना बघून तिचे डोळे फिरले. सकाळी हिच्याशिवाय हात चालत नाहीत, भाकरी थापवत नाही, आणि ही सवय लावली कुणी, असं सगळं ते डोळे बोलत होते. तोंडानं ती एवढंच बोलली:

"समद्या वस्तीची विडी तुमी काढली. तुमची डबी कोण काढणार, आत्या? तुमी तोंड दावत असाल, तर मी येते."

दगडाबाईनं हात उगारला होता. तो तसाच खाली आणून तिनं कमरेची पितळी डबी सोडली, सासूनं दिलेली, झाकण घासून गुळगुळीत झालेली, आणि तीही मोरीत पालथी केली.

दुसऱ्या दिवशी मुलगा, अजित, कारखान्यातून पाळी करून आला आणि त्या दोघी वडापच्या जीपनं बारामतीला गेल्या. दवाखान्यात दारातच एका पोरीनं दगडाबाईला नाव, गाव, वय विचारलं आणि मग विचारलं, विडी-सिगारेट ओढता का. दगडाबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"विडीचं इचारू नगंस," ती म्हणाली. "मिसरीचं इचार. हितं येणाऱ्या सगळ्या बायास्नी आधी मिसरीचं इचार." रांगेतल्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. दोघी-तिघींनी हळूच आपली बोटं पदरात घेतली.

वल्लरी डॉक्टरणीनं मांडवातल्या शिव्यांचा विषय काढला नाही. तिनं आधी अनिताच्या गालाचा लहानसा तुकडा तपासणीला काढला आणि तोंडात कापूस धरून तिला बाहेर बाकावर बसवलं. मग दगडाबाई खुर्चीत बसली. वस्तीवर जिच्या तोंडाला सगळे भीत त्या दगडाबाईनं ते पहिल्यांदा दुसऱ्यापुढं उघडलं, आणि डोळे मिटून घेतले. माझंच निघू दे, असं ती मनात देवाला म्हणत होती. जे काय असेल ते माझं निघू दे.

डॉक्टरणीनं बराच वेळ पाहिलं. दात झिजले होते, हिरड्या काळ्या पडल्या होत्या. बाकी काही नव्हतं. "तुमच्या तोंडात तसं काही नाही, आजी," ती म्हणाली. "नशीब म्हणायचं. पण सोडा."

दुसरी एखादी खुर्चीतून उठून देवाला हात जोडती. दगडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर मिसरी तिनं लावली, भाजली तिनं, वाटली तिनं, आणि चट्टा कुणाला, तर पेस्टनं दात घासणाऱ्या पोरीला. आणि मग तिच्या लक्षात आलं की आता पुढं काय होणार. आता आळीतल्या बायका तिच्याकडं बोट करतील. दगडाबाईनं जन्मभर लावली, तिला काय झालं? अनिता तर आजच म्हणेल. सकाळी हात चालेनासे झाले की पहिल्यांदा हेच म्हणेल. कट्ट्यावरचा तो म्हातारा वर्षानुवर्षं जे करत होता तेच आता तिची ही धडधाकट हिरडी करणार होती. ज्या माणसाचा तिनं जन्मभर राग केला, तीच ती झाली होती.

तिनं डॉक्टरणीचा हात धरला. "हे तिला सांगू नगा. कुणालाच सांगू नगा," ती म्हणाली. विनवणी तिला कधी जमली नव्हती, त्यामुळं ती धमकीसारखी वाटली. डॉक्टरणीनं होकाराची मान हलवली.

बाहेर बाकावर अनिता कापूस दाबून बसली होती. तिला बोलता येत नव्हतं. तिनं भुवया उडवून, हातानं विचारलं, तुमचं काय?

दगडाबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. खरं बोलून तिनं निम्मी वस्ती दुखावली होती. भाऊबंदकीच्या खटल्यात घरच्यांच्या विरोधात साक्ष दिलेली बाई ती. ती सुनेशेजारी बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझंबी तुज्यासारखंच हाय. जास्तच हाय म्हणली. दोघींनी सोडायची."

अनिताचे डोळे भरून आले. तिनं सासूचा हात घट्ट धरला. दगडाबाईनं तो सोडवून घेतला नाही, पण समोरच्या भिंतीकडं अशी काही बघत राहिली की जणू भिंतीनंच गुन्हा केलाय.

पुढचे दिवस घरात कुणी तिच्या वाऱ्याला उभं राहिलं नाही. मिसरी सुटली तसं तिचं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, रिकामं बोट उगीच हिरडीवर जायचं. ती भांड्यांवर ओरडायची, कोंबड्यांवर ओरडायची. अनिताचीही तीच गत. पण सकाळी अनिताची नजर फडताळातल्या जुन्या डब्याकडं गेली की ती सासूकडं बघायची आणि गप पिठात हात घालायची. आत्यांना एवढं मोठं दुखणं असून त्या सोडतात, तर आपल्याला काय धाड भरली, असं तिनं शेजारणीला सांगितलेलं दगडाबाईच्या कानावर आलं. तिला बरं वाटलं आणि लगेच रागही आला, की खऱ्यानं जे झालं नसतं ते खोट्यानं होतंय.

अनिताच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद अजित घेऊन आला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेलं होतं. मिसरी पुन्हा सुरू झाली तर पोचायला वेळ लागणार नाही, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं.

दोघींच्या दुखण्याची बातमी आळीत गेलीच होती. नवी पानं घेऊन आलेल्या बायका दारातूनच माघारी वळल्या. काहींनी ती टाकली, काहींनी घरी नेऊन स्वतः भाजली असणार, कारण दोन परसांतून अधूनमधून खकाणा येत होता. तो आला की दगडाबाई फडकं टाकून तिकडं निघायची. तिच्या शिव्या आता बायकांना सुरू झाल्या होत्या.

अशीच एकदा ती तरातरा चालली होती. देवळाच्या कट्ट्यावर मानसिंगतात्या बसले होते, बोटात नुकती पेटवलेली विडी. तिला बघून त्यांनी कधी विडी विझवली नव्हती. त्या दिवशी विझवली. कट्ट्याच्या दगडावर टोक दाबलं, विडी बाजूला ठेवली आणि खाली बघत, हलक्या आवाजात म्हणाले, "लई वाईट झालं. तुमच्यासारख्या बाईला हे व्हाया नको हुतं."

दगडाबाईच्या ओठापर्यंत आलं होतं. मला काही झालेलं नाही, भावजी. माझं तोंड तुमच्या छातीसारखंच धडधाकट हाय. या माणसानं दादासोच्या खिशातून काढलेलं बंडल तिला आठवलं, वाटलेल्या विड्या आठवल्या, आणि आता तोच माणूस तिची कीव करत होता, आणि ती त्याला ते करू देणार होती. अनिता घरात भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज कट्ट्यापर्यंत येत होता.

"व्हय," दगडाबाई म्हणाली. "मिसरीनं झालं." आणि विझलेली विडी उचलून, मुठीत चुरगाळून, ती धूर येत होता त्या परसाकडं निघाली.